दुचाकीसाठी डोळ्यांचे संरक्षण : कोकणच्या रस्त्यांवर वापरलेले चष्मे

कोकणात दुचाकी चालवणाऱ्याने संरक्षक चष्मा घ्यायचा झाला, तर पहिला चष्मा पारदर्शक काचेचाच घ्यावा आणि काळ्या काचेचा विचार त्यानंतर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानात मात्र याच्या उलट घडते. विक्रेता आधी काळे गॉगल काउंटरवर मांडतो, गिऱ्हाईक आरशात पाहून त्यातला एक पसंत करते, आणि दिवेलागणीला चिलटे आणि धूळ डोळ्यांत जाण्याची वेळ येते तेव्हा तो गॉगल खिशात गेलेला असतो. माझे काम गुहागर आणि चिपळूण तालुक्यांतल्या आंबा-काजूच्या बागांना भेटी देण्याचे असल्यामुळे मोटारसायकल बारा महिने रस्त्यावर असते, आणि त्या निमित्ताने हार्डवेअरच्या दुकानातला साधा सेफ्टी गॉगल, कडेने फोम लावलेला रायडिंगचा चष्मा, मातीच्या रस्त्यावर शर्यती करणारे मोटोक्रॉसवाले वापरतात तसा पट्ट्याचा गॉगल आणि हेल्मेटची स्वतःची काच हे सारे मी उन्हात, पावसात आणि रात्री वापरून पाहिले आहे.

पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट आणि खाली ओढलेली काच हे डोळ्यांचे पहिले संरक्षण होय, याबद्दल दुमत नसावे. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय शिक्का सक्तीचा झाला आहे, तेव्हा हेल्मेट घेताना आयएस ४१५१ हा मानक क्रमांक पाहूनच घ्यावे. अडचण कोकणच्या हवेची आहे. एप्रिल-मे महिन्यांत वाडीवाडीतून संथ वेगाने जाताना बंद काचेआड घामाच्या धारा लागतात, पावसाळ्यात श्वासाची वाफ काचेवर धरते, आणि मग बहुतेक जण काच वर करूनच गाडी चालवतात. काच वर गेली की हेल्मेट डोक्याचे रक्षण करते, पण डोळे उघडे पडतात. म्हणून काच वर असतानाही जो डोळ्यांवर राहतो, वारा अडवतो आणि दिवसा-रात्री सारखाच चालतो, तो चष्मा आपल्या रस्त्यांवर खऱ्या कामाचा. अर्धे हेल्मेट वापरणाऱ्यांना तर त्याशिवाय गत्यंतरच नाही.

डोळ्यांत काय काय जाते, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे, कारण निवड त्यावरच ठरते. सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावरच्या, रस्त्याला जांभ्याची तांबडी, बारीक धूळ असते. चिरे वाहून नेणारा ट्रक पुढे असला आणि हौद्यावर ताडपत्री नसली की हीच धूळ आणि चिऱ्याचा भुगा मागच्या दुचाकीवर येतो. भातकापणीनंतर पेंढ्याने भरलेले टेम्पो धावू लागतात, त्यांच्यातून तुसे आणि काड्या उडत असतात. यातला शेतातला काडीकचरा मला सर्वांत धोकादायक वाटतो. वनस्पतीच्या काडीने बुबुळावर ओरखडा गेला तर त्यातून बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. उष्ण आणि दमट भागांत, विशेषतः शेतीकाम करणाऱ्यांमध्ये, बुबुळावरच्या जखमा चिघळण्याचे ते एक मोठे कारण आहे. अशा डोळ्यात मनानेच स्टेरॉइडचे थेंब घातले तर संसर्ग बळावतो. काही गेलेच तर डोळा चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावा, आणि खुपणे थांबले नाही तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे.

याखेरीज नुसता वाराही कमी त्रास देत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाला डोळ्यांवर सेकंदाला जवळजवळ १७ मीटर वेगाचा वारा आदळत असतो. त्याने अश्रूंचा पातळ थर वाळतो, डोळे चुरचुरतात, पाणी येऊ लागते आणि नजर पुसट होते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना हे अधिकच जाणवते.

आता काळ्या काचेविषयी. सड्यावर दुपारी ऊन अक्षरशः डोळ्यांवर मारते आणि तिथे काळी काच हवीशी वाटते, हे मी नाकारत नाही. पण कोकणातला रस्ता सलग उन्हातून जात नाही. सडा संपतो, वळणावर उतार लागतो आणि क्षणात आपण आगरात शिरतो, जिथे दोन्ही बाजूंनी माड-पोफळींची, पुढे आंब्या-फणसांची दाट सावली असते आणि रस्त्यावर कवडशांची नक्षी पडलेली असते. त्या कवडशांत खड्डा कोणता आणि सावली कोणती हे उघड्या डोळ्यांनाही लवकर कळत नाही. गडद काचेआडून तर पायरीवर बसलेले कुत्रे रस्त्यावर उतरेपर्यंत दिसत नाही. महामार्गावरच्या कशेडी बोगद्यात शिरतानाही हाच अनुभव येतो, फक्त तो अधिक तीव्र असतो.

उन्हाच्या चष्म्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानकात ० ते ४ असे पाच वर्ग आहेत, आणि काडीच्या आतल्या बाजूला किंवा सोबतच्या कागदावर ते लिहिलेले असते. वर्ग ३ ची काच ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडते. बाजारातले बहुतेक गडद गॉगल याच वर्गात मोडतात. वर्ग २ मध्ये १८ ते ४३ टक्के प्रकाश येतो. वर्ग ४ ची काच ३ ते ८ टक्केच प्रकाश सोडते आणि ती वाहन चालवताना वापरायचीच नसते. काही गिर्यारोहणाचे गॉगल या वर्गाचे असतात आणि ते ऑनलाइन सवलतीत दिसतात म्हणून हे सांगितले पाहिजे. ज्या काचेतून ७५ टक्क्यांहून कमी प्रकाश येतो ती संधिप्रकाशात आणि रात्री चालवण्यास योग्य मानलेली नाही. ऊन-सावलीच्या आपल्या रस्त्यांसाठी काळी काच घ्यायचीच तर मी वर्ग २ ची, राखाडी किंवा तपकिरी काच सुचवेन. राखाडी काचेत रंग जसेच्या तसे दिसतात, तर तपकिरी काचेत रस्त्याचे खाचखळगे जरा अधिक उठून दिसतात.

काच गडद असली की अतिनील किरण अडतात, हा समज मात्र पूर्णपणे चुकीचा आहे. रंग आणि अतिनील संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संरक्षण नसलेल्या काळ्या काचेआड बाहुली मोठी होते, त्यामुळे बाजूने आणि समोरून येणारे किरण उलट अधिक आत जातात. पॉलिकार्बोनेटची काच पारदर्शक असली तरी अतिनील किरणांचा बहुतेक भाग अडवते. त्यावर यूव्ही ४०० असे लिहिले असेल तर ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात असा अर्थ घ्यावा. मासेमारी करणाऱ्यांच्या आणि दिवसभर उन्हात राबणाऱ्यांच्या डोळ्यांत, नाकाकडच्या कोपऱ्यातून बुबुळाकडे मांसल पडदा वाढताना आपण पाहतो. त्याचा संबंध अतिनील किरणांशी आहे, आणि दुचाकीवर दिवस काढणाऱ्यांनीही ते ध्यानात ठेवावे.

उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या फोटोक्रोमिक काचांकडून माझी मोठी अपेक्षा होती. घरातून अंगणात आणि अंगणातून घरात जाणाऱ्यासाठी त्या उत्तम आहेत. गाडीवर त्यांच्या दोन मर्यादा उघड होतात. त्या अतिनील किरणांमुळे काळ्या होतात, म्हणून ते किरण अडवणाऱ्या हेल्मेटच्या काचेआड त्या फारशा काळ्या होतच नाहीत. आणि उष्णतेत त्या कमी गडद होतात, म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी, ऐन गरजेच्या वेळी, त्यांचा जोर कमी पडतो. पुन्हा पारदर्शक होण्यास त्यांना काही मिनिटे लागतात, सड्यावरून आगरात उतरायला मात्र काही क्षणच लागतात.

पोलराइज्ड काचेचा खरा उपयोग समुद्रालगतच्या रस्त्यावर होतो. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाताना आरे-वारेच्या वळणांवर डावीकडे समुद्र पसरलेला असतो आणि दुपारनंतर पाण्यावरची तिरीप थेट डोळ्यांत येते. आडव्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाची कंपने बहुतांशी आडव्या दिशेत असतात आणि पोलराइज्ड काच नेमकी तीच अडवते, त्यामुळे पाणी एकदम शांत, निळे-हिरवे दिसू लागते. दुपारी तीन-चारच्या सुमारास हा फरक सर्वांत अधिक जाणवतो. सूर्य क्षितिजाला टेकला की तो कमी होतो. तरीही रोजच्या वापरासाठी मी ही काच सुचवणार नाही. ओल्या डांबरावरची चकाकी आपल्याला रस्ता निसरडा असल्याचे सांगत असते, आणि ही काच ती चकाकीच पुसून टाकते. हँडलला लावलेल्या मोबाइलचा किंवा गाडीच्या डिजिटल मीटरचा पडदाही काही कोनांतून काळा दिसतो.

पिवळ्या काचेचा आग्रह सगळीकडे होतो. चिपळूणच्या एका दुकानात मी पारदर्शक चष्मा मागितला, तर काउंटरवरच्या काकांनी तत्परतेने पिवळा चष्मा पुढे केला आणि म्हणाले, “हा घेऊन जा भाऊ, रात्री समोरच्या गाडीचा लाइट लागणार नाही.” काकांचा हेतू चांगला होता, पण माहिती बरोबर नव्हती. पिवळी काचही प्रकाश कमीच करते, आणि रात्री आधीच प्रकाश अपुरा असतो. २०१९ साली अमेरिकेत ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर झालेल्या एका अभ्यासात, समोरून दिव्यांचा झोत येत असताना पिवळ्या चष्म्यामुळे पादचारी अधिक चांगले दिसतात असे आढळले नाही. रात्री समोरचा दिवा पसरट दिसत असेल तर आधी हेल्मेटच्या काचेवरचे ओरखडे पाहावेत. ओरखड्यांवर प्रकाश विखुरतो आणि एका दिव्याची दहा किरणे होतात. अशी काच वेळीच बदलावी, कारण नव्या काचेची किंमत हेल्मेटच्या मानाने थोडी असते.

काचेचे द्रव्य कोणते, हा प्रश्न रंगापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे आणि तो दुकानात क्वचितच विचारला जातो. खऱ्या काचेची भिंगे गाडीवर वापरूच नयेत, फुटली तर तुकडे डोळ्यांत जातात. नंबरच्या चष्म्यांत नेहमी मिळणारी प्लॅस्टिकची भिंगे बहुधा सीआर-३९ या द्रव्याची असतात. त्यांतून दिसते फार स्वच्छ, पण जोराच्या आघाताने ती तडकतात. पॉलिकार्बोनेट आघात सोसते, हलके असते, मात्र लवकर ओरखडते, म्हणून त्यावर कठीण लेप असलाच पाहिजे. २००१ साली बाजारात आलेले ट्रायव्हेक्स हे द्रव्यही आघात सोसते आणि त्यातून दृष्टी पॉलिकार्बोनेटपेक्षा स्वच्छ मिळते. ते महाग पडते आणि आपल्याकडे बहुधा मागवून घ्यावे लागते.

नुसते पॉलिकार्बोनेट म्हणून सांगितले तरी त्यावर विसंबू नये, काचेवर किंवा काडीवर कोरलेली खूण पाहावी. अमेरिकन मानकानुसार जोराचा आघात सोसणाऱ्या चष्म्यावर झेड८७ आणि त्यापुढे अधिकचे चिन्ह असते. युरोपीय ईएन १६६ मानकात काचेवर एफ अक्षर असेल तर ६ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने आदळवून ती तपासलेली असते. हा वेग ताशी १६२ किलोमीटर होतो, म्हणजे समोरच्या चाकाखालून उडालेल्या बारीक खड्याला ती काच पुरून उरावी. त्याच मानकात एन म्हणजे वाफ न धरणारी आणि के म्हणजे बारीक कणांनी न ओरखडणारी काच. ही दोन्ही अक्षरे एकाच काचेवर मिळाली तर कोकणासाठी याहून चांगले काही नाही. पट्ट्याच्या मोटारसायकल गॉगलसाठी ईएन १९३८ हे स्वतंत्र मानक आहे, तर कारखान्यातल्या संरक्षक चष्म्यांसाठी आपल्याकडे आयएस ५९८३ आहे.

या कसोट्यांवर हार्डवेअरच्या दुकानातला शंभर ते तीनशे रुपयांचा पारदर्शक सेफ्टी गॉगल मला मनापासून आवडला. ग्राइंडिंग किंवा कटिंगचे काम करणारे जो वापरतात तोच हा. खूण असलेला घेतला तर आघाताच्या बाबतीत तो हजारो रुपयांच्या फॅशनच्या गॉगलहून उजवा ठरतो, कानशिलापर्यंत वळलेला असल्याने बाजूनेही झाकतो, आणि हरवला तरी जीव हळहळत नाही. उणीव एवढीच, की भुवईकडून आणि गालाकडून फट राहते. चाळीस-पन्नासच्या वेगापर्यंत ती जाणवत नाही. महामार्गावर साठच्या पुढे गेले की त्या फटीतून वारा आत घुसून फिरतो आणि धूळही सोबत आणतो.

ही फट कडेने फोम लावलेल्या चष्म्यात बंद होते. दीड ते तीन हजार रुपये मोजावे लागतात, पण रोज महामार्गावरून जाणाऱ्याने ते मोजावेत. फोमच्या पट्टीत हवेसाठी बारीक खाचा आहेत की नाहीत हे मात्र पाहिलेच पाहिजे, नाहीतर सिग्नलला थांबताच काच आतून पांढरी होते. पट्टी काढता येण्याजोगी हवी. माझ्याकडच्या चष्म्यात ती तीन खुंट्यांवर बसते, पावसाळ्यात मी ती संध्याकाळी काढून साबणाच्या पाण्याने धुतो आणि पंख्याखाली वाळवतो. चिकटवलेल्या फोमच्या चष्म्याला श्रावण येईतो बुरशीचा वास येऊ लागतो आणि तो डोळ्यांजवळ धरवत नाही. बदलता येणाऱ्या दोन काचांचा, एक पारदर्शक आणि एक वर्ग २ ची, असा संच मिळाला तर वेगळा काळा गॉगल घेण्याचे कारण उरत नाही. मोटोक्रॉसचा पट्ट्याचा गॉगल सर्वांत घट्ट बसतो, पण आपल्या उकाड्यात तो अर्ध्या तासात नकोसा होतो. मातीच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्यांनीच त्याचा विचार करावा.

दुकानात जाताना स्वतःचे हेल्मेट बरोबर न्यावे. काडी जाड असेल तर हेल्मेट कानाच्या वर ती दाबते, तासाभरात डोके दुखू लागते आणि फोमही चेहऱ्यावरून उचलला जातो. सरळ, चपटी काडी हेल्मेट घातल्यावरही सहज आत सरकते. चष्मा घालून टेबलफॅनसमोर उभे राहावे आणि मान हळूहळू दोन्हीकडे वळवावी. वारा कुठून शिरतो ते लगेच कळते. मग चष्मा हातभर लांब धरून त्यातून भिंतीवरच्या ट्यूबलाइटकडे पाहावे आणि तो हळूहळू आडवा हलवावा. ट्यूबची कड कुठे वाकली किंवा लहरली तर ते भिंग सदोष आहे, आणि तासन्‌तास वापरल्यावर त्याने डोळे थकतात.

नंबर असणाऱ्यांनी नेहमीच्या चष्म्यावरच समाधान मानू नये. पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्सची भिंगे घालून एक वेगळा चष्मा करून घेणे सर्वांत बरे. नंबर मोठा असेल तर पॉलिकार्बोनेटच्या कडेला रंगाच्या किनारी दिसू शकतात, तिथे ट्रायव्हेक्सचा जास्तीचा खर्च सार्थकी लागतो. फार वळलेल्या फ्रेममध्ये मोठा नंबर बसवला तर बाजूचे वाकडे दिसते, हे चष्मेवाल्याला आधीच विचारून घ्यावे. नंबरच्या चष्म्यावरून घालता येणारे सेफ्टी गॉगलही मिळतात. कमी अंतरासाठी ते पुरेसे आहेत.

पावसात कोणताही चष्मा परिपूर्ण नाही. थेंब बाहेरून, वाफ आतून, आणि हेल्मेटच्या काचेआड चष्मा असेल तर वाफ धरायला दोन पृष्ठभाग मिळतात. कुंभार्ली किंवा आंबा घाटात धुके असते तेव्हा मी हेल्मेटची काच एक खाच उघडी ठेवतो, हेल्मेटमधली नाकावरची पट्टी श्वास खाली वळवते की नाही हे पाहतो, आणि चष्म्याला वाफरोधक लेप असलेली काच वापरतो. हेल्मेटच्या काचेला पिनलॉक बसत असेल तर तो अवश्य बसवावा. आतून बसवलेल्या या दुसऱ्या पातळ काचेमुळे मधे कोरड्या हवेचा थर राहतो, आणि ती स्वतः ओलावा शोषून घेते.

खाऱ्या हवेचा उल्लेख चष्म्यांच्या जाहिरातीत कुठेच नसतो. धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीने जाताना तुषार काचेवर बसतात, वाळतात, आणि मिठाचे सूक्ष्म कण मागे राहतात. तशीच काच रुमालाने पुसली तर लेपावर गोल गोल ओरखडे उठतात. आधी गोड्या पाण्याने ती भरपूर धुवावी, गरज वाटली तर हाताच्या साबणाचा एक थेंब घ्यावा, मग मऊ मायक्रोफायबरने टिपावी. पेट्रोलने किंवा अमोनियायुक्त काच-सफाईच्या द्रवाने पॉलिकार्बोनेट कधीही पुसू नये, त्याने ते खराब होऊन तडे जातात. बिजागरीचे लोखंडी स्क्रूही खाऱ्या हवेत एका हंगामात तांबरतात आणि काडी घट्ट होऊन मोडते. म्हणून स्टीलचे स्क्रू किंवा स्क्रूविना जोडलेली काडी असलेला चष्मा पाहावा. आणि फोमची पट्टी व जास्तीची काच सुटी मिळते का, हे पैसे देण्यापूर्वीच विचारावे, कारण आपल्याकडच्या दुकानांत चष्मे सहज मिळतात, पण त्यांचे सुटे भाग पुण्या-मुंबईहून मागवावे लागतात.